अर्धा सूर खाली

शाळेत त्यांना समोर 'सर' म्हणत आणि पाठ फिरली की 'कानसर'. पोरांनी हे नाव चिडवायला ठेवलं होतं. पण ते सरांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना राग आला नाही. उलट आठवडाभर ते नेहमीपेक्षा जास्तच ताठ चालले. टोमणा मारला तरी त्याचं प्रशस्तिपत्रक करून घेणारा माणूस. अशा माणसाला कोण काय बोलणार?

त्यांचा कान खरंच तयार होता, हे मान्य करायला हवं. कोणताही आवाज ऐकला की तो कोणत्या पट्टीतला हे ते तिथल्या तिथे सांगत. किटलीची शिट्टी, शाळेची घंटा, दाराच्या बिजागरीची कुरकुर, मोठ्या बाईंच्या खुर्चीचं करकरणं, सगळं. "काळी चार," ते म्हणत आणि चहाचा घोट घेत. कोणी विचारलेलं नसे. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, पहिल्या वर्षी कौतुकाने हसल्या होत्या. त्यानंतरची तीस वर्षं त्या खुर्चीत न हलता बसायला शिकल्या. सूर पक्का करायचा लोखंडी चिमटा सगळ्या गानशिक्षकांकडे असतो, तो सरांनी कधी विकत घेतला नाही. "कुबड्या पांगळ्यांना लागतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या बायकोने लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात घरात गुणगुणणं सोडलं, असं ती स्वतःच हसत हसत सांगे. त्यात हसण्यासारखं काय होतं हे गणिताच्या बाईंना कधीच कळलं नाही.

गणिताच्या बाई म्हणजे सरांच्या साथीला पियानोवर बसणाऱ्या. दिवसभर अपूर्णांक शिकवायचे आणि मधल्या सुट्टीनंतर सभागृहात जाऊन चाळीस पोरांच्या गाण्याला साथ करायची, हे त्या बारा वर्षं करत होत्या. त्यांना सर 'साथीला' असंच म्हणत, नाव घेत नसत. "साथीला जरा हळू सांगा," असं ते समोर उभ्या असलेल्या बाईंना न सांगता पहिल्या रांगेतल्या पोराला सांगत. पोरगं बिचारं वळून बाईंकडे बघे. बाईंच्या अंगाचा तिळपापड होई, पण त्या काही बोलत नसत. रोज मनातल्या मनात मात्र त्या सरांना असं काही सोलत, की सरांना ते ऐकू गेलं असतं तर कोणत्या पट्टीत हेही सांगता आलं नसतं.

सर तरुणपणी मोठ्या वाद्यवृंदाचे संचालक व्हायला निघाले होते म्हणे. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या, दोन्हीकडून नकार आला. का आला याची कारणं सर दरवर्षी नवी सांगत आणि दरवर्षी ती पहिल्यापेक्षा भव्य होत जात. शेवटी ते या शाळेत आले आणि मोठ्यांवरचा राग आठ वर्षांच्या पोरांवर काढायला मोकळे झाले. वर्षाच्या सुरुवातीला चाचणी असे. सर तोंडाने एक सूर देत, पोराने तो उचलायचा. उचलला तर गायनवृंदात. नाही उचलला तर सर दोन बोटांनी दाराकडे खूण करून म्हणत, "श्रोते." कार्यक्रमाच्या दिवशी या श्रोत्यांना पुढच्या दोन बाकांवर बसवत आणि टाळ्या कधी वाजवायच्या तेही त्यांना शिकवत. आठव्या वर्षी 'तुला गाता येत नाही' हे ऐकलेली माणसं या गावात आता चाळिशीला आली होती आणि अजूनही वाढदिवसाच्या केकपुढे नुसते ओठ हलवत होती.

वृंदात घेतलेल्यांचीही सुटका नव्हती. गाताना चुकलं की गाणं न थांबवता हात वर करायचा, हा सरांचा नियम. चूक कोणाची ते कळतं, वेळ वाचतो. पोरं इतकी तयार झाली होती की सर नुसते कपाळाला आठी घालून एका दिशेला बघत आणि तिकडचे तीन-चार हात आपोआप वर जात. त्यांतला खरा चुकलेला एखादाच असे. सरांचा स्वतःचा हात कधी वर गेलेला कोणी पाहिला नव्हता. तो काठी धरण्यात गुंतलेला असे.

वार्षिक कार्यक्रमाचा कळस म्हणजे शेवटचं नदीचं गाणं. पहिली दोन कडवी पियानोशिवाय. सर डोळे मिटत, आतून कुठूनतरी पांढरी दोनचा सूर काढून पोरांना देत, पोरं दोन कडवी नुसत्या गळ्याने गात आणि तिसऱ्या कडव्याला पियानो सुरू होई. तो पोरांच्या सुराशी तंतोतंत जुळे, केसभरही इकडे-तिकडे नाही. त्या क्षणी सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होई आणि सर किंचित मान झुकवत. पोरं गाताहेत, पण टाळ्या सरांच्या कानाला. तीस वर्षं हाच प्रयोग.

दोन वर्षांपूर्वी एका तालमीत बाईंनी तिसरं कडवं सुरू केलं आणि अंगावर काटा आला. पोरं एकीकडे, पियानो दुसरीकडे. सर गर्रकन वळले. "पियानो वर चढलाय," ते पहिल्या रांगेला म्हणाले. "साथीला सांगा, माणूस बोलवा."

माणूस आला. पियानो जुळवणारे हे आजोबा बत्तीस वर्षं त्याच पियानोत डोकं घालत होते. त्यांनी खिशातून चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला, कानाला लावला, पट्टी वाजवून पाहिली. पियानो जिथल्या तिथे होता. तसं ते सरांना म्हणाले तर सर नाकाने कांदे सोलत म्हणाले, "तुमचा चिमटा बदला." आजोबांनी हत्यारांची पिशवी आवळली आणि जाता जाता बाईंना हळूच सांगितलं, "पियानो हललेला नाही हो. माणूस हललाय. वय झालं की कान सरकतो काही जणांचा. सगळं वर चढल्यासारखं ऐकू येतं, मग ते आपले खालून गातात. अर्धाच सूर. पण बरोबर अर्धा."

बाईंनी घरी जाऊन विचार केला आणि दुसऱ्या दिवशी तिसरं कडवं काळी एकमध्ये वाजवलं. म्हणजे कागदावर लिहिलंय त्याच्या अर्धा सूर खाली, सगळी बोटं काळ्या पट्ट्यांवर. सोपं नव्हतं. पुढे महिनाभर त्या घरच्या टेबलावर बोटं नाचवत होत्या. पण पोरांचा आणि पियानोचा सूर जुळला, आणि सर समाधानाने म्हणाले, "आता जागेवर आला."

त्या दिवशी बाईंना जो आनंद झाला तो आधीच्या दहा वर्षांत झाला नव्हता. कानसरांचा कान गेला! आणि ते फक्त आपल्याला माहीत! सर काठी उगारून टेंभा मिरवताना दिसले की बाईंना आतून गुदगुल्या होत. हा माणूस आपल्या दहा बोटांवर उभा आहे आणि याला पत्ताच नाही. पोरांची पंचाईत नको म्हणून आपण सावरून घेतो, असं त्या स्वतःला सांगत. खोटं होतं ते. त्यांना सरांची कीव करत बसायला आवडायला लागलं होतं, आणि इतकं स्वस्त सुख कोण हातचं सोडतं?

यंदाच्या चाचणीला बाईंची भाची उभी राहिली. सख्ख्या बहिणीची मुलगी, नऊ वर्षांची, दोन वेण्या, एक दात पडलेला. शाळेच्या पियानोवर मावशीच्या मांडीत बसून पट्ट्या ओळखायला शिकलेली. तिचा कान कसा आहे हे बाईंना ठाऊक होतं. चमचा पडला तरी ती पट्टी सांगे, तेही विचारलं तरच. गाण्यासाठी ती जीव टाकत होती. वृंदात निळा गळपट्टा मिळतो, तो तिने कागदाचा करून आरशासमोर घालून पाहिला होता.

सरांनी डोळे मिटले. "पांढरी दोन. लाव."

भाचीने लावला. स्वच्छ. पण सरांच्या सुरापेक्षा अर्धा वर.

"खाली ये."

भाची गोंधळली. "सर, तुम्ही पांढरी दोन म्हणालात ना? तुम्ही दिलेली काळी एक आहे."

सभागृहात टाचणी पडली असती तर तिचीही पट्टी कळली असती. सरांनी डोळे उघडून पोरीकडे पाहिलं. मग बारा वर्षांत पहिल्यांदाच ते थेट बाईंकडे वळले. "काय बाई? तुमची भाची ना? तुमचं काय मत?"

बाई पियानोसमोर बसल्या होत्या. पांढरी दोन त्यांच्या उजव्या अंगठ्याखालीच होती. एक बोट दाबायचं, बस्स. पण बोट दाबलं की दोन वर्षांचं बिंग फुटणार. सरांचं, आणि त्यांचंही. बाईंनी हात मांडीवर घेतले.

"लहान आहे," त्या म्हणाल्या. "सराव करेल ती."

"श्रोते," सर म्हणाले आणि दोन बोटांनी दार दाखवलं.

संध्याकाळी भाची मावशीच्या घरी आली. रडून झालं होतं. "मावशी, माझा कान खराब आहे का गं?"

"खराब नाही गं राणी. रोज थोडा सराव कर, होईल नीट."

मूग गिळून बसणं एक वेळ ठीक. बाईंनी तर वर उपदेशही पाजला. भाचीने मान डोलावली. तिला मावशी कधी खोटं सांगत नाही हे पक्कं माहीत होतं. बहीण म्हणाली, "तुझ्या त्या सरांना जरा सांगून बघ ना." बाई म्हणाल्या, "ते ऐकणारे नाहीत गं कोणाचं." तेवढं मात्र खरं होतं.

चार महिन्यांनी कार्यक्रम झाला. सभागृह खच्चून भरलेलं; आया मोबाइल उंच धरून, बाप घड्याळाकडे बघत. पुढच्या दोन बाकांवर श्रोते, हात मांडीवर, भाची पहिल्या बाकाच्या टोकाला. शेवटच्या गाण्याआधी सर बोलायला उभे राहिले. भाषण दरवर्षीचंच, कान म्हणजे काय आणि तो कसा असावा लागतो. पण यंदा त्यांना नवीन मजकूर सापडला होता.

"माझ्याकडे वशिला चालत नाही," सर म्हणाले. "आमच्या साथीला ज्या बाई बसतात, त्यांची सख्खी भाची. पण कान नाही म्हटल्यावर नाही! मी तिलाही श्रोत्यांत बसवलं. ती बघा, त्या टोकाला बसलीये. बाळ, उभी राहा. तिनेही ते मोठ्या मनाने स्वीकारलं. टाळ्या झाल्या पाहिजेत तिच्यासाठी."

आणि झाल्या की हो! दीडशे शहाणी माणसं एका नऊ वर्षांच्या पोरीला बेसूर ठरवल्याबद्दल टाळ्या वाजवत होती. भाची उभी राहिली, शिकवल्याप्रमाणे मान झुकवली, खाली बसली. तिची आई मागच्या रांगेत रुमाल तोंडावर धरून होती.

सरांनी डोळे मिटले. सूर दिला. काळी एक, नेहमीसारखी. पोरांनी पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं. गोड गात होती पोरं. सरांनी काठी बाईंच्या दिशेने नुसती हलवली, वळून न बघता.

बाईंनी पांढरी दोनवर हात टाकला आणि कागदावर होतं तसं वाजवलं. चांगलं जोरात.

असा आवाज त्या सभागृहात कधी झाला नसेल. अर्धी पोरं पियानोच्या सुराकडे धावली, अर्धी आपल्या सुराला चिकटून राहिली, दोन-चार मधेच अडकली. चार ओळी तशाच खरडत गेल्या आणि मग पोरं एकेक करून गप्प झाली. बाईही थांबल्या. आता वळेल, बाईंना वाटलं. आता याच्या तोंडचं पाणी पळेल आणि सगळ्यांना दिसेल.

सर वळलेच नाहीत. त्यांनी पोरांकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली. डावीकडून उजवीकडे, सावकाश.

तिसऱ्या रांगेतून एक हात वर गेला. मग त्याच्या शेजारचा. मग पहिली रांग. बघता बघता चाळीसच्या चाळीस हात वर गेले. प्रत्येकाला आपणच चुकलो असं वाटत होतं.

सरांनी ते हात पाहिले, मान डोलावली आणि सभागृहाकडे वळून प्रेमळ आवाजात म्हणाले, "मुलं घाबरली. लहान आहेत. सांभाळून घ्या."

लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मोठ्या बाई शेजारच्या पाहुण्यांना म्हणाल्या, "किती प्रामाणिक मुलं आहेत, बघितलंत?" गाणं पुन्हा झालं, या वेळी पहिल्या कडव्यापासून पियानोसकट, आणि ठीक झालं. एकालाही काही कळलं नव्हतं. बाईंनी त्या माणसाला तोंडावर आपटायला पाय पुढे केला होता आणि आपटली होती चाळीस पोरं. बाईंना त्या सभागृहाचा, त्या टाळ्यांचा आणि स्वतःच्या दहा बोटांचा मनापासून तिटकारा आला.

कार्यक्रमानंतर सर मागच्या खोलीत होते, खुर्च्यांच्या उतरंडीशेजारी, काठी कापडात गुंडाळत. बाई दार लोटून आत गेल्या.

"चूक पोरांची नव्हती," त्या म्हणाल्या. "तुमचा कान अर्धा सूर सरकलाय. दोन वर्षं झाली. मी खालून वाजवत होते म्हणून निभलं."

सरांनी काठीची गाठ मारली. "माहितीये."

"काय माहितीये?"

"सगळं. त्या म्हाताऱ्याचा चिमटा ऐकला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो होतो. वयाने होतं म्हणाले. इलाज नाही. तुम्ही सावरून घेताय तेही दुसऱ्या दिवशी कळलं. मला हात दिसतात तुमचे, पियानोच्या चकचकीत झाकणात." त्यांनी पहिल्यांदाच थकल्यासारखं पाहिलं. "आज तुम्ही दगा दिलात, बाई. निवृत्तीला एकच वर्ष राहिलंय माझ्या. एवढं निभावून न्यायला हवं होतंत."

दोन वर्षं ज्याला त्या मूर्ख समजून मनात हसत होत्या, तो मूर्ख नव्हता. तो त्यांना वापरत होता.

"मग माझ्या भाचीला का काढलंत? तिचा सूर बरोबर होता."

"होताच." सर शांतपणे म्हणाले. "बरोबर होता म्हणूनच. असला कान रोज पहिल्या रांगेत उभा राहिला असता तर काय झालं असतं? एकदा बोलली, पुन्हा बोलली असती." त्यांनी काठी काखेत मारली. "आणि मी एकट्याने नाही काढलं. तुम्हाला विचारलं होतं मी."

तो माणूस किळसवाणा होता. पण शेवटचं वाक्य खरं होतं, आणि तेच सगळ्यांत किळसवाणं होतं.

बाई तडक बाहेर आल्या. भाची कोट घालून दाराशी उभी होती. तिची आई कोणाशीतरी बोलत होती. बाई भाचीसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. आडपडदा ठेवला नाही: सरांचा कान बिघडलाय, तुझा बरोबर आहे, पहिल्या दिवसापासून बरोबर होता, मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. आज मी वाजवला तोच खरा सूर. चुकलं माझं. माफ कर मला.

भाचीने शांतपणे ऐकून घेतलं. तिचा चेहरा खुलेल असं बाईंना वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"पण मी सराव केला ना, मावशी," ती म्हणाली. "तू सांगितलंस तसा. रोज तालमीच्या वेळी दाराबाहेर उभी राहायचे मी. सरांचा सूर घ्यायचा आणि घरी येईपर्यंत तोंडात धरून ठेवायचा. आधी सारखा वर पळायचा. मग तिसऱ्या कडव्याला तुझा पियानो यायचा, तो पण सरांसारखाच, म्हणून मी तसाच पक्का केला."

"अगं, तो खोटा होता. आता सोडून दे तो. आठव बघू पांढरी दोन. तुझी आधीची."

भाचीने डोळे मिटले. मग तोंड उघडून तिने सूर लावला, स्वच्छ, जराही न थरथरता. काळी एक.

"हीच ना?" तिने विचारलं. "आज तू वाजवलंस ना मावशी, तेव्हा मला वाटलं, तूच चुकलीस."